पाचट कुजतंय, मुळांना गाठी आहेत, तरी पीक पिवळं का? आधी कोण जेवतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. कृष्णाकाठची जमीन, दरवर्षी ऊस गेल्यावर पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवायचे, यंदा चार लोकांचं ऐकून जाळलं नाही, रोटाव्हेटर मारून सगळं मातीत मिसळलं, आणि दीड-दोन महिन्यात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक) पिवळा पडला. दुसऱ्या तुकड्यात हरभरा होता, उपटून बघितला तर मुळांवर गाठीच गाठी, पण पीक शेवटपर्यंत फिकटच. "दोन्हीकडे जिवाणू आहेत असं तुम्हीच सांगता, मग त्यांनी केलेलं अन्न जातंय कुठं?" आणि खाली जोडप्रश्न, की पुढच्या साली पाचट जाळू का, आणि रायझोबियमचं (कडधान्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूचं) पाकीट घेऊ की पैसे वाचवू.

मी बरीच वर्षं जिवाणू खतांच्या लॅबमध्ये काढली आणि नंतर बांधावर, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा येतो, आणि गोंधळ दरवेळी एकाच जागी असतो. आपण धरून चालतो की जिवाणू झाडासाठी काम करतात. तसं कोणीच करत नाही. मातीतले जिवाणू आणि बुरशी आधी स्वतःचं पोट भरतात. कुजवणारे असतील तर झाडाला मिळतं ते त्यांचं उरलेलं, आणि मुळात राहणारे असतील तर मिळतं ते सौद्यातलं, म्हणजे झाडाने साखर मोजून घेतलेलं. तुमच्या दोन तुकड्यात हे दोन वेगळे प्रकार बिघडलेत, म्हणून उत्तरही दोन वेगळी आहेत.

आधी पाचट.

झाडाचं मूळ पाचट खात नाही, शेणखत खात नाही, गांडूळखतही खात नाही. मुळाला लागतं ते पाण्यात विरघळलेलं साधं मीठ, म्हणजे नत्र अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात, स्फुरद फॉस्फेटच्या रूपात, पालाश नुसता पोटॅशियम म्हणून. (अमिनो आम्लं वगैरे थोडी जातात आत, पण शेतातल्या पिकाचं पोट त्यावर भरत नाही.) पाचटातला नत्र अडकलेला असतो प्रथिनांत, आणि त्याच्याभोवती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन यांचा जाड कोट. हा कोट फोडायला बुरशी आणि जिवाणू शरीराबाहेर विकरं (पचन करणारी एन्झाइम) सोडतात. त्यांना तोंड नाही, पोट नाही, त्यामुळे पचन होतं बाहेर, पाचटाच्या पृष्ठभागावर, आणि पचलेलं ते भिंतीतून आत शोषून घेतात. सरीतलं भिजलेलं पाचट उचलून बघा, खालच्या बाजूला पांढरे बारीक धागे दिसतील, पान बोटात धरलं की चुरगळतं आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो. ते धागे बुरशीचे, तो वास बराचसा अ‍ॅक्टिनोमायसीट्स नावाच्या जिवाणूंचा. तिथं जेवण चालू आहे.

आता हिशोब. एक टन पाचटात ढोबळमानाने ४०० किलो कार्बन आणि ५ किलो नत्र धरा (नत्र ०.४२ ते ०.५० टक्के येतो). म्हणजे कर्ब:नत्र गुणोत्तर ८० च्या आसपास. जिवाणूंच्या स्वतःच्या अंगात हे गुणोत्तर साधारण ८ असतं, आणि ते खातात त्यातला दोन तृतीयांश कार्बन श्वासात जाळून टाकतात, म्हणून त्यांना परवडणारं खाणं म्हणजे २४ च्या आसपास गुणोत्तर असलेलं. ४०० किलो कार्बन नीट खायचा तर १६-१७ किलो नत्र पाहिजे, पाचटात आहे ५. उरलेला कुठून आणणार? मातीतून. तुम्ही खोडव्याला टाकलेला युरिया, मातीत तयार झालेलं नायट्रेट, जे हाताला लागेल ते ओढतात, आणि या ओढाओढीत ते मुळापेक्षा फार जलद आहेत, कारण संख्या अफाट आणि अंतर शून्य. शास्त्रात याला नत्राचं स्थिरीकरण म्हणतात, पण हवेतला नत्र पकडण्यालाही मराठीत स्थिरीकरणच म्हणतात त्यामुळे घोळ होतो, मी सरळ उसनवारी म्हणतो. नत्र गेलेला नसतो, जिवाणूंच्या अंगात असतो. सोपं खाणं संपलं की ते मरतात, त्यांना प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्म जीव) आणि सूत्रकृमी खातात, आणि खाणाऱ्यांना एवढा नत्र नको असतो म्हणून जास्तीचा अमोनियम बाहेर टाकतात. तेव्हा कुठं उसाला परत मिळतो. पण मधल्या दोन-अडीच महिन्यांत खोडव्याला फुटवे काढायचे असतात, आणि नेमका तेव्हाच खिसा रिकामा.

रोटाव्हेटरने हे आणखी वाढवलं. पाचट सरीत वरच्या वर पसरून ठेवलं असतं तर मातीशी संपर्क फक्त खालच्या थराचा, कुजणं सावकाश, ओढ थोडी थोडी. तुम्ही बारीक तुकडे करून सगळ्या मातीत कालवलंत, म्हणजे प्रत्येक मुळाशेजारी एक उपाशी पंगत बसवली. आमच्याकडे म्हणूनच पद्धत अशी सांगतात की बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटायचे, पाचट बुडख्यांवरून बाजूला करून सरीत लोटायचं, मग त्यावर दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकायचं, पायाने दाबायचं आणि पाणी द्यायचं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यावरून तुमचं माप काढा. आता ८ किलो युरियात नत्र असतो जेमतेम पावणेचार किलो, वरच्या हिशोबाने तूट ११-१२ किलोची, मग पुरतं कसं? पुरतं कारण सगळं पाचट एकदम कुजत नाही. साखर आणि मऊ भाग आधी, सेल्युलोज मग, लिग्निन सगळ्यात शेवटी आणि तेही मोजक्याच बुरशींना जमतं, आणि मधल्या काळात तोच नत्र एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात फिरत राहतो. युरिया फक्त पहिला झटका सोसायला आहे.

आणि उसाचं स्वतःचं खत पाचटावर फेकू नका. पहारीने बुडख्यापासून वीतभर अंतरावर भोक घेऊन खोल द्या. लोक म्हणतात पहारीने खत वाया जात नाही, ते खरंच, पण मुख्य कारण मला वाटतं ते हे की खत पाचटाच्या थराखाली जातं, मुळाला आधी सापडतं, वर बसलेल्यांना नाही. जिवाणूंचा युरिया वेगळा, उसाचा वेगळा, आणि दोघांची पानं वेगळी मांडायची.

इथं एक अडवून सांगतो, कारण न बघता 'नत्र कमी' म्हणणं बरोबर नाही. पिवळं कुठलं पान पडलंय? नत्राची कमतरता असेल तर खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातला नत्र काढून नव्याला देतं. वरची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर तो केवडा, लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला हमखास येते आणि तिचा पाचटाशी काही संबंध नाही. आणि बेटात गवतासारखे बारीक पांढुरके फुटवे निघत असतील तर ती गवताळ वाढ, फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवाचा रोग, तिथं बेट उपटूनच टाका. तोही एक जीव उसाच्या अंगातच राहून खातोय, फक्त बदल्यात काही देत नाही.

जाळायचं का? नाही. हेक्टरी १० टन पाचटात ४२-५० किलो नत्र असतो आणि पेटवलं की तो जवळजवळ सगळा धुरात जातो, गंधकही बराच जातो. स्फुरद-पालाश राखेत उरतो म्हणून जाळलेल्या रानात पुढचं पीक काळंभोर दिसतं आणि माणूस फसतो. यंदा पिवळा पडला म्हणून पुढच्या साली काडी लावाल तर उसनवारीची पेरणी केलीत आणि काढणीला शेत सोडून गेलात असं होईल. या वर्षी अडकलेला नत्र पुढच्या वर्षी सुटणार आहे.

जाता जाता जीवामृताचं, कारण ते विचारलंच जाणार. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, हे एकराला. यातल्या सगळ्या नत्राची बेरीज ढोबळ केली तर २०० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे अर्धा किलो युरियाहून कमी. त्यामुळे खत म्हणून त्याकडे बघू नका. ते जिवाणूंचं खाणं आणि विरजण आहे, जमिनीत आधी सेंद्रिय माल असेल तर त्याला गती देईल. नसेल तर गुळाची मेजवानी चार दिवसांत संपते. विरोधक आणि भक्त दोघंही मला यावर बोल लावतात, पण बेरीज करून बघा.

आधी जिवाणू जेवतात ही गोष्ट गोठ्यातही बघायला मिळते आणि तिथं ती पटकन पटते. गाय कडबा खाते म्हणतो आपण, पण सेल्युलोज पचवणारं विकर गायीकडे नाहीच. कोटीपोटात जिवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ असतात, चघळलेला चारा ते आंबवतात, त्यातून असेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं निघतात आणि ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, गायीची बरीचशी ऊर्जा तिथून येते. पुढं ते जिवाणूच चाऱ्याबरोबर खऱ्या जठरात सरकतात आणि तिथं गाय त्यांना पचवते, तिच्या प्रथिनांचा मोठा वाटा हाच. म्हणजे गाय ज्यांना जेवू घालते त्यांनाच शेवटी खाते. आता गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा नुसता दिला तर जनावर खंगतं, कारण जिवाणूंना नत्र नाही, म्हणून १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि हवाबंद करून २१ दिवस ठेवतात. अमोनियाने पेंढा मऊ पडतो आणि जिवाणूंना नत्र मिळतो. पाचटावरचा युरिया आणि पेंढ्यावरचा युरिया, तत्त्व एकच. (पण युरिया थेट आंबोणात कालवून देऊ नका, विषबाधा होते, जनावर हातचं जाईल.)

वाळवीचं तर आणखी मजेशीर. आपल्याकडची वारुळं करणारी ओडोंटोटर्मीस वाळवी लाकूड-पाला खाऊन अर्धवट पचलेल्या विष्ठेचे स्पंजासारखे गड्डे वारुळात रचते, त्यावर टर्मिटोमायसीस नावाची बुरशी वाढते, बुरशी लिग्निन फोडते आणि मग वाळवी ते गड्डे आणि बुरशी खाते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळावर जी अळंबी उगवते, बाजारात सोन्याच्या भावाने जाते, ती याच बुरशीची फळं. ताटातली धिंगरी आपण पेंढ्यावर वाढवतो, ही मात्र वाळवीशिवाय शेतीत कोणाला परवडेल अशी वाढवता आलेली नाही. अळंबीसाठी वारूळ खणून काढणाऱ्यांना एवढंच सांगणं, की पुढच्या वर्षी तिथं काही मिळणार नाही.

आता हरभरा. इथं प्रकरण सौद्याचं आहे.

हवेत ७८ टक्के नत्र आहे आणि तरी पिकं नत्रावाचून पिवळी पडतात, कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट धरलेले असतात. कारखान्यात तो बंध तोडायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि वातावरणाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. रायझोबियम तेच काम तुमच्या शेतातल्या मातीच्या तापमानाला करतो, नायट्रोजिनेज नावाच्या विकराने, पण फुकट नाही. नत्राचा एक रेणू फोडायला निदान १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्च होतात आणि ती सगळी ऊर्जा झाडाच्या साखरेतून येते. १८८६ ते १८८८ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवलं की कडधान्यं गाठींमधून हवेतला नत्र घेतात, आणि १८८८ मध्येच बायजेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला, त्यानंतर काही वर्षांत कल्चरचा धंदा सुरू झाला.

गाठ होते कशी ते थोडं सविस्तर, कारण तुमची अडचण तिथंच आहे. नत्र कमी पडला की हरभऱ्याचं मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची संयुगं मातीत सोडतं. ज्या जिवाणूला ती ओळखता येतात तो उत्तरादाखल स्वतःचं रसायन सोडतो, आणि झाडाला ते ओळखता आलं तरच मूळरोम वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आतपर्यंत एक नळी तयार होते. आत पेशी वाढून गाठ होते. ही ओळख जातवार आहे. हरभऱ्याला मेझोरायझोबियम लागतो, सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम, मेथी आणि लसूणघासाला आणखी तिसरा. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचं आपसात बरंच जमतं. सोयाबीनचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चोळलं तर लिग्नाइटची काळी पूड चोळल्यासारखं होतं, बाकी काही नाही. आणि दुकानात हा प्रकार मी पाहिलेला आहे, "सगळं रायझोबियम एकच" म्हणून.

बरं, ओळख पटणं वेगळं आणि काम करणं वेगळं. गाठ झाली म्हणजे नत्र आला असं नाही. नखाने गाठ फोडा. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन लागला की ते कायमचं बाद होतं, पण जिवाणूला श्वासाला तर ऑक्सिजन पाहिजे, मग झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन बनवतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच भावंड, ते ऑक्सिजन धरून मोजून मोजून पोचवतं. म्हणून चालू गाठ आतून गुलाबी-लालसर असते, नखाला रक्तासारखा डाग लागतो. (अमेरिकेत बिनमांसाच्या बर्गरला मांसाची चव-रंग यावा म्हणून एक कंपनी सोयाबीनचं हेच लेगहिमोग्लोबिन यीस्टकडून करून घेते, गाठीची एवढी कीर्ती झाली.) आतून पांढरी असेल तर गाठ एकतर कोवळी आहे किंवा बिनकामाची. हिरवी-तपकिरी म्हणजे म्हातारी. सोयाबीनची गाठ गोल वाटाण्यासारखी, पण हरभऱ्याची फाटे फुटलेली, टोकाकडून वाढत जाणारी, त्यामुळे एकाच गाठीत टोकाला पांढरं, मध्ये गुलाबी आणि बुडाला हिरवट असं दिसू शकतं आणि ते ठीकच आहे. तुम्ही उपटून बघितलं ते कधी, हे लिहिलेलं नाही. घाटे भरताना बघितलं असेल तर गाठी हिरव्या दिसणारच, कारण तोवर झाडाने साखर दाण्याकडे वळवलेली असते आणि गाठीचा पगार बंद होतो. बघायचं ते फुलोऱ्याच्या आसपास, आणि हिसका मारून उपटायचं नाही, कुदळीने मातीसकट खणून पाण्यात बुचकळायचं, नाहीतर चांगल्या गाठी मातीतच राहतात आणि हातात येतं ते नुसतं मूळ.

फुलोऱ्यात बघूनही गाठी भरपूर, बारीक, मुळभर पसरलेल्या आणि आतून पांढऱ्या असतील, तर ते रानातले आळशी जिवाणू आहेत. वर्षानुवर्षं हरभरा घेतलेल्या जमिनीत देशी जिवाणूंची संख्या मोठी असते, ते गाठ करण्यात तरबेज आणि नत्र देण्यात चुकार. झाड हे सहन करतं का? पूर्ण नाही. २००३ मध्ये सोयाबीनवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात काही गाठींभोवती नत्राऐवजी आर्गॉन वायू ठेवला, म्हणजे जिवाणूने कितीही ठरवलं तरी तो नत्र देऊच शकणार नाही, तर झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला आणि त्यातल्या जिवाणूंची संख्या निम्म्यावर आली. म्हणजे झाडाला कळतं कोण देतंय आणि कोण फुकट खातंय. पण सगळ्याच गाठी चुकारांच्या असतील तर झाड निवडणार कुणातून?

म्हणून पाकीट घ्यायचं. जमिनीत जिवाणू नाहीत हे कारण नव्हे. बी रुजताना पहिल्या मुळाशी चांगल्या जिवाणूंची गर्दी पाहिजे, म्हणजे देशींच्या आधी त्यांचा नंबर लागतो. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या गार केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. पाकिटावर 'हरभरा' लिहिलंय का आणि मुदतीची तारीख काय ते बघा. सरकारी प्रमाणाप्रमाणे पावडरच्या कल्चरमध्ये ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी लागतात. पाकीट लॅबमधून निघतं तेव्हा त्या असतातही, पण नंतर पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढला तर आत काय उरतं ते डोळ्यांना दिसत नाही. विक्रेता पाकीट थंड जागेत ठेवतो का, ते आधी बघा. लॅबमध्ये अशी पाकिटं तपासायला यायची, पातळ करून काचेच्या बशीत पसरवली की काहींमध्ये रायझोबियमपेक्षा परकी बुरशीच जास्त.

तरी पाकिटाने भागेलच असं नाही. युरियाचा हात सैल असेल तर झाड सौदाच करत नाही, मातीत नायट्रेट आयतं मिळत असताना साखर का मोजावी? हरभऱ्याला पेरताना हेक्टरी २५ किलो नत्र सांगतात, तेवढा गाठी चालू होईपर्यंत आधार म्हणून पुरे, वर पुन्हा युरिया फेकला की गाठी कमी. नायट्रोजिनेजमध्ये मॉलिब्डेनम आणि लोह लागतं, सौद्याला लागणाऱ्या ऊर्जेसाठी स्फुरद लागतो. पाणी तुंबलं की गाठ गुदमरते, सोयाबीन पिवळं पडण्याचं काळ्या रानात हे एक मोठं कारण. आणि तुमच्या भागात माझा पहिला संशय क्षारांवर आहे. उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिलेल्या नदीकाठच्या जमिनी क्षारपड झाल्यात आणि हरभरा क्षारांना फार हळवा. त्यात गाठ होण्याची प्रक्रिया झाडाहूनही आधी बिघडते.

"कडधान्य घेतलं की जमिनीत नत्र वाढतो" हे वाक्यही जरा तपासून घ्या. हेक्टरी २० क्विंटल सोयाबीन झालं तर नुसत्या दाण्यातून १२० किलोच्या वर नत्र शेताबाहेर जातो, कारण दाण्यात ४० टक्के प्रथिनं. सोयाबीन आपल्या गरजेच्या निम्मा ते दोन तृतीयांश नत्र हवेतून घेतं. बाकी मातीतून. म्हणजे दाणे विकले, भुसा गोठ्यात नेला, तर जमिनीच्या खात्यात बाकी शून्य किंवा उणे. गळालेली पानं आणि मुळं रानात राहिली तेवढाच फायदा. ताग-धैंचा फुलोऱ्यात गाडला तर मात्र खरोखर भर पडते, कारण बाहेर काही जात नाही आणि कोवळ्या तागाचं गुणोत्तर २०-२५ च्या घरात, जिवाणूंना उसनवारी करावी लागत नाही. आणि शेंग दिसली की गाठी असणारच असंही नाही, गुलमोहर, बहावा, टाकळा यांना गाठी येतच नाहीत. उलट किनाऱ्यावरचं सुरू शेंगवर्गीय नसून फ्रँकिया नावाच्या जिवाणूशी सौदा करून निव्वळ वाळूत उभं राहतं.

मायकोरायझाबद्दल, म्हणजे मुळात राहणाऱ्या बुरशीबद्दल, लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल, थोडक्यात सांगतो. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतो, स्फुरद येत नाही, तो मातीला चिकटून बसतो आणि मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा भाग संपला की मूळ उपाशी. मुळात घुसलेल्या बुरशीचे धागे मूळरोमापेक्षाही बारीक असतात, ते त्या पलीकडून फॉस्फेट आणतात आणि बदल्यात झाडाची साखर आणि मेद घेतात. जमिनीवरच्या बहुतांश वनस्पतींचा हा सौदा आहे, उसाचाही, हरभऱ्याचाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी, बीट, पालक यांचा नाही, म्हणून त्यांना मायकोरायझाची पुडी विकत आणू नका. रान लांब मुदत पडीक ठेवलं, सारखं रोटाव्हेटरने चाळलं किंवा स्फुरद भरमसाट टाकला की ही बुरशी कमी होते. ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे बाटलीत आंबवून घरी वाढवायचे जे नुसखे फिरतात त्यात मायकोरायझा वाढत नाही, दुसरंच काहीतरी वाढतं.

तर तुमच्यापुरतं: या खोडव्याची खालची पानं पिवळी असतील तर नत्राचा हप्ता पहारीने द्या, पाणी नेमाने द्या आणि थांबा, हिरवा होईल. पुढच्या साली पाचट सरीत, रोटाव्हेटर नाही. हरभऱ्याला हरभऱ्याचंच ताजं पाकीट. माती परीक्षणाचा कागद असेल तर त्यातला सामू (आम्ल-विम्लतेचं माप) आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) एवढे दोन आकडे मात्र आधी कळवा, कारण ईसी १ च्या वर असेल तर पाकीट आणण्याआधी चर काढून निचऱ्याचं बघावं लागेल, आणि तो खर्च वेगळा आहे.